वाचकांचे प्रश्न : राज्यशास्त्र शिकणाऱ्यांना शिष्यवृत्ती कोठून मिळते?

बारावीचे निकाल लागले की या सदराकडे शिष्यवृत्तीविषयीची पत्रे वाढतात. या वेळी राज्यशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या, किंवा करू पाहणाऱ्या, विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची पत्रे निवडली आहेत. एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत असताना शिष्यवृत्ती समितीचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. त्यामुळे यांतले अनेक प्रश्न माझ्या ओळखीचे आहेत, आणि वेळेवर उत्तर न मिळाल्यामुळे शिक्षण सोडून गेलेली मुलेही मला आठवतात. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मला बारावी कला शाखेत ७८ टक्के गुण मिळाले. राज्यशास्त्र विषय घेऊन बी. ए.च्या प्रथम वर्षाला प्रवेश घेतला आहे. विज्ञानाकडे गेलेल्या मैत्रिणींना शिष्यवृत्तीची माहिती सगळेच देतात, मला मात्र ‘आर्ट्सला कोण पैसे देणार’ असे ऐकावे लागते. राज्यशास्त्रासाठी स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे का?
— एक विद्यार्थिनी, बीड जिल्हा

उत्तर : तुम्हाला ऐकावे लागलेले वाक्य चुकीचे आहे, मात्र ते कोठून येते हेही समजून घ्या. मूलभूत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची ‘इन्स्पायर’सारखी विषयाशी बांधलेली योजना आहे, तशी केवळ राज्यशास्त्रासाठी पदवीच्या पातळीवर दिली जाणारी मोठी शासकीय शिष्यवृत्ती नाही. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद ही १९६९ मध्ये स्थापन झालेली संस्था आपल्या विषयाला सर्वांत जवळची, पण तिच्या अधिछात्रवृत्त्या (फेलोशिप) पीएच.डी.पासून पुढे सुरू होतात. म्हणून ‘राज्यशास्त्र शिष्यवृत्ती’ असे नाव शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. विषयाचे नाव बाजूला ठेवून आपल्या शाखेचे, आपल्या कुटुंबाच्या उत्पन्नाचे आणि आपल्या प्रवर्गाचे नाव घेऊन शोधलेत तर बरेच काही सापडेल.

तुमच्यासाठी सर्वांत आधी पाहण्यासारखी योजना म्हणजे महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी असलेली केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती. तिचे आताचे अधिकृत नाव ‘पीएम-उच्चतर शिक्षा प्रोत्साहन’ या नावाने सुरू होते आणि अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावा लागतो. देशभरात दरवर्षी कमाल ८२ हजार नव्या शिष्यवृत्त्या असतात आणि त्यांपैकी निम्म्या मुलींसाठी राखून ठेवलेल्या असतात. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात, आणि पुढे पदव्युत्तर शिक्षण घेतल्यास ही रक्कम वर्षाला २० हजार रुपये होते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे, आणि अभ्यासक्रम नियमित असावा. दूरशिक्षणाने पदवी घेणाऱ्यांना ही योजना लागू नाही.

या योजनेत गुणांची अट ‘८० पर्सेंटाइल’ अशी आहे, आणि दरवर्षी असंख्य मुले ती ‘८० टक्के’ अशी वाचून अर्जच करत नाहीत. दोन्ही गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. आपल्या मंडळातून आपल्याच शाखेत उत्तीर्ण झालेल्या मुलांमध्ये तुम्ही वरच्या वीस टक्क्यांत आहात की नाही, एवढेच येथे पाहिले जाते. कला शाखेची तुलना कला शाखेशीच होते, आणि तिची किमान गुणांची रेषा विज्ञानाच्या रेषेहून वेगळी असते. तेव्हा ७८ टक्के म्हणजे आपण बाहेर, असे स्वतःच ठरवू नका. आपल्या मंडळाने त्या वर्षासाठी कला शाखेची रेषा कोठे आखली आहे ते पाहा आणि मगच निर्णय घ्या. एक गोष्ट मला या योजनेत मनापासून खटकते, आणि ती येथे सांगितलीच पाहिजे. राज्याच्या वाट्याला आलेल्या शिष्यवृत्त्या विज्ञान, वाणिज्य आणि मानव्यविद्या यांच्यात ३:२:१ या प्रमाणात वाटल्या जातात. म्हणजे सहांपैकी एकच वाटा आपला. ज्या शाखेत गरीब घरांतली आणि घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेली मुले मोठ्या संख्येने येतात, त्या शाखेचा वाटा सर्वांत लहान असावा हे न्याय्य नाही. पण जो वाटा आहे तो माहितीअभावी सोडून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

खासगी शिष्यवृत्त्यांमध्ये रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती कोणत्याही शाखेच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना खुली असते. बारावीला किमान ६० टक्के गुण आणि १५ लाखांच्या आतले कौटुंबिक उत्पन्न ही पात्रता असून अडीच लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना प्राधान्य मिळते. पदवीच्या संपूर्ण काळात मिळून दोन लाख रुपयांपर्यंत साहाय्य होऊ शकते. निवडीत अभियोग्यता चाचणी असते, तिचा सराव करून जा. ही संधी प्रथम वर्षापुरतीच आहे, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्यांसाठी ती संपलेली असते.

राहिली खरोखर आपल्या विषयाच्या नावाने मिळणारी पारितोषिके. ती असतात, पण त्यांची जाहिरात होत नाही. राज्यातल्या बहुतेक जुन्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत देणगीदारांनी ठेवलेल्या ठेवींच्या व्याजातून राज्यशास्त्रात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला, किंवा मुलींमध्ये पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीला, पदक किंवा रोख पारितोषिक दिले जाते. रक्कम पुष्कळदा अगदी लहान असते, कारण ठेव पन्नास-साठ वर्षांपूर्वीची असते. तरीही पदवीदान समारंभात जाहीर झालेले असे पारितोषिक पुढच्या प्रत्येक अर्जात तुमच्या बाजूने बोलते. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पदके आणि पारितोषिके यांची यादी असते. ती प्रथम वर्षातच मागून घ्या, कारण काही पारितोषिके तिन्ही वर्षांच्या एकत्रित गुणांवर, तर काही एका विशिष्ट प्रश्नपत्रिकेतील गुणांवर दिली जातात.

प्रश्न : मुलींचे शिक्षण मोफत झाले असे वाचून मी मुलीला बी. ए.ला घातले. महाविद्यालयात मात्र शुल्क भरा म्हणाले. आमची फसवणूक झाली आहे का?
— एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, फसवणूक झालेली नाही, बातमी अर्धवट पोहोचली आहे. राज्य शासनाने ८ जुलै २०२४ रोजी काढलेला शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना त्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची पूर्ण सवलत मिळते. बी. ए. हा व्यावसायिक अभ्यासक्रम नसल्यामुळे तुमची मुलगी त्या निर्णयाच्या कक्षेत येत नाही.

तरीही निराश होऊ नका. तुम्ही खुल्या प्रवर्गातल्या असाल आणि घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेचा अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवर भरा. सवलत किती मिळेल हे अभ्यासक्रम आणि महाविद्यालय अनुदानित आहे की विनाअनुदानित यांवर ठरते, त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वीच ‘या तुकडीला अनुदान आहे का’ असा स्पष्ट प्रश्न कार्यालयात विचारत चला. एकाच महाविद्यालयात एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते, आणि दोन्हींच्या शुल्कांत मोठे अंतर असते. अनुदानित तुकडीत कला शाखेचे शिक्षण शुल्क मुळात फार नसते. जो आकडा पावतीवर मोठा दिसतो तो इतर शुल्कांचा असतो. पावतीवरची प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे, आणि तो बजावताना संकोच बाळगू नका.

प्रश्न : मी अनुसूचित जातीचा विद्यार्थी असून बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात आहे. मागील वर्षीच्या शिष्यवृत्तीची रक्कम अजून आली नाही. महाविद्यालय म्हणते ‘वरून आली नाही’, आणि वरचे कार्यालय म्हणते ‘महाविद्यालयात विचारा’. दरम्यान परीक्षेचा अर्ज अडवून ठेवण्याची भाषा सुरू आहे. काय करावे?
— एक विद्यार्थी, नांदेड जिल्हा

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. असा कागद हातात घेऊन दाराशी उभी राहिलेली मुले मी प्रत्येक वर्षी पाहिली आहेत, म्हणून याचे उत्तर जरा सविस्तर देते.

भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्या खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. २०२१ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना आल्यापासून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतो. ‘वरून आली नाही’ या वाक्याचे अर्थ त्यामुळे अनेक असू शकतात. राज्याचा हप्ता आला असेल आणि केंद्राचा आला नसेल, किंवा याच्या उलट झाले असेल. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनवरच पडताळणीविना पडून असेल. त्रुटी दाखवून तो तुमच्याकडे परत पाठवलेला असेल आणि तुम्हाला ते कळलेच नसेल. किंवा सर्व मंजुऱ्या होऊनही पैसे जमा होताना अडले असतील. यांपैकी नेमके काय झाले हे पोर्टलवर तुमच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसते, म्हणून पहिले काम म्हणजे आपला वापरकर्ता क्रमांक आणि पासवर्ड नेट कॅफेवाल्याकडून परत घेऊन तो अर्ज स्वतः उघडून पाहणे. अर्ज दुसऱ्याने भरून दिला, मोबाइल क्रमांकही त्याचाच दिला, आणि मग येणारे सर्व संदेश त्याच्याकडे गेले, अशी प्रकरणे मी इतकी पाहिली आहेत की हीच चौकशी मी नेहमी आधी करत असे.

दुसरी तपासणी बँकेतली. खात्याला आधार क्रमांक ‘जोडलेला’ असणे आणि ते खाते थेट लाभ हस्तांतरणासाठी (डीबीटी) आधारशी ‘सीड’ झालेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे खाते क्रमांकावर न जाता आधारच्या आधारे जातात, आणि राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदीत तुमच्या आधारपुढे ज्या बँकेचे नाव आहे तिकडेच ते पोहोचतात. शाळेत असताना उघडलेले आणि आता बंद पडलेले खाते तेथे नोंदलेले असेल तर रक्कम परत जाते. बँकेत जाऊन ‘माझे आधार डीबीटीसाठी कोणत्या बँकेला सीड आहे ते सांगा’ असेच विचारा. ‘आधार लिंक आहे का’ असे विचारलेत तर ‘आहे’ हे उत्तर मिळेल, ते खरेही असेल, आणि तुमचा प्रश्न सुटणार नाही.

या दोन्ही तपासण्या करून झाल्यावर महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या. त्यात अर्ज क्रमांक, पोर्टलवर दिसणारी सद्यःस्थिती आणि तारीख लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोहोच घ्या. त्याची एक प्रत जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांना द्या. तोंडी केलेल्या दहा फेऱ्यांपेक्षा पोहोच असलेला एक कागद अधिक काम करतो. तरीही उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या दिनांकास काय कार्यवाही झाली’ एवढेच विचारणारा अर्ज करा. शुल्क १० रुपये आहे आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. वर्गात तुम्ही २००५चा हा कायदा शिकणार आहात किंवा शिकला आहात. येथे तो तुमच्या स्वतःच्या कामाला येतो. उत्पन्नाचा दाखला किंवा जातीचा दाखला अडला असेल तर २०१५चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम लक्षात ठेवा. त्यात प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे, आणि मुदत उलटल्यास अपील करता येते.

परीक्षेच्या अर्जाविषयी एवढेच सांगते की प्राचार्यांना भेटताना वरील पोहोच आणि पोर्टलवरील स्थितीची छापील प्रत सोबत न्या आणि परीक्षेचा अर्ज स्वीकारावा अशी लेखी विनंती करा. मात्र शुल्काचा भाग तुमच्या खात्यात आला की तो सात दिवसांच्या आत महाविद्यालयात भरणे हेही तुमचे कर्तव्य आहे. घरात आजारपण होते म्हणून ती रक्कम खर्च झाली आणि मग महाविद्यालयाला तोंड दाखवायला नको म्हणून शिक्षणच सुटले, असा माझा एक अतिशय हुशार विद्यार्थी होता. तो येऊन एकदा बोलला असता तर हप्ते बांधून देता आले असते. अशी वेळ आलीच तर लपू नका, येऊन सांगा.

प्रश्न : पुण्यात चांगल्या महाविद्यालयात राज्यशास्त्राला प्रवेश मिळतो आहे, पण शुल्कापेक्षा राहण्या-जेवणाचाच खर्च अधिक आहे. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही.
— एक विद्यार्थी, हिंगोली जिल्हा

उत्तर : तुमचे निरीक्षण अचूक आहे. कला शाखेच्या मुलांचे शिक्षण शुल्कामुळे क्वचित अडते. ते खोलीच्या भाड्यामुळे आणि मेसच्या पैशांमुळे अडते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत तिच्यातून भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार रुपये मिळतात, आणि लहान ठिकाणी ही रक्कम कमी होते. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तुम्ही आपला प्रवर्ग कळवलेला नाही, म्हणून तिन्ही सांगितल्या. वसतिगृहाचा अर्ज केलेला होता आणि प्रवेश मिळाला नाही, याचा पुरावा जपून ठेवा.

कोणत्याही प्रवर्गातल्या ग्रामीण विद्यार्थ्यासाठी पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेच्या वसतिगृहांत अल्प खर्चात राहण्या-जेवणाची सोय होते, आणि मुलांना संस्थेची कामेही वाटून करावी लागतात. प्रवेशासाठी मुलाखत असते. घरची परिस्थिती आहे तशी सांगा, वाढवून किंवा लपवून सांगू नका. याशिवाय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने चालणारी ‘कमवा व शिका’ योजना आहे. कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि श्रम करून शिकण्यात कमीपणा नाही हे या महाराष्ट्राला शिकवले. ग्रंथालयात किंवा विभागात काम मिळाले तर ते अवश्य घ्या. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने ग्रंथालयात पुस्तके लावत काढलेले दोन तास वाया जात नाहीत.

प्रश्न : एका खासगी शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘स्वतःविषयी ५०० शब्द’ लिहायचे आहेत. माझ्याकडे पदके नाहीत, मी कधी वक्तृत्व स्पर्धा जिंकलेली नाही. शेतकरी घरातल्या मुलीने काय लिहावे? राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी कोणत्या स्पर्धा आहेत, हेही सांगावे.
— एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज तालुका

उत्तर : या सगळ्या पत्रांत मला सर्वांत आवडलेला प्रश्न हाच. मी निवड समित्यांवर बसून शेकडो निवेदने वाचली आहेत. शंभरातली नव्वद जवळजवळ एकसारखी असतात: मला लहानपणापासून देशसेवेची आवड आहे, मला आयएएस व्हायचे आहे, माझी परिस्थिती हलाखीची आहे. यांतले काहीही खोटे नसते, पण वाचणाऱ्याला त्या मुलीचा चेहरा दिसत नाही.

तुम्ही राज्यशास्त्र शिकता, आणि तुमच्या गावात ग्रामपंचायत आहे. तुमच्या जागी मी असते तर तेथूनच सुरुवात केली असती. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीची अंमलबजावणी २४ एप्रिल १९९३ पासून झाली आणि महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, हे तुम्ही उत्तरपत्रिकेत लिहाल. पण तुमच्या गावच्या सरपंचबाई सभेत स्वतः बोलतात का? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असा नियम आहे. ती होते का, की केवळ वहीवर सह्या फिरतात? तुमची आई त्या सभेला गेली आहे का, आणि गेली नसेल तर का? पुढच्या ग्रामसभेला जा, मागच्या बाजूला बसा, किती बायका आल्या आणि त्यांपैकी किती बोलल्या हे मोजा, आणि पाण्याचा विषय निघाला तेव्हा कोणी काय म्हटले ते वहीत टिपा. घरी येऊन नियमाशी त्याचा मेळ घाला. असे दोन सभांचे टिपण असलेल्या मुलीला ५०० शब्द पुरणार नाहीत. गरिबीविषयी लिहायचे असेल तर एकाच वाक्यात, आकड्यासह लिहा: किती जमीन आहे, पाणी आहे की नाही, घरात शिकणारे किती. नंतर त्या पैशाने तुम्ही नेमके काय करणार आहात ते लिहा. ‘ग्रंथालयाजवळ खोली घेतली तर रोजचा एसटीचा प्रवास वाचेल आणि तीन तास वाचायला मिळतील’ हे वाक्य ‘मला माझी स्वप्ने पूर्ण करायची आहेत’ यापेक्षा कितीतरी बळकट आहे.

हेच टिपण वाढवलेत तर त्याचा प्रकल्प होतो, आणि प्रकल्पासाठी ‘आविष्कार’ ही राज्यातल्या विद्यापीठांची आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धा आहे. तिच्यात मानव्यविद्यांचा स्वतंत्र गट असतो आणि पदवीच्या विद्यार्थ्यांचा स्तर पदव्युत्तरांपासून वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे तुमची गाठ एम. ए.च्या विद्यार्थ्यांशी पडत नाही. आधी विद्यापीठाच्या पातळीवर आणि मग राज्य पातळीवर ती होते. कला शाखेची मुले ‘हे विज्ञानवाल्यांचे’ म्हणून तिच्याकडे फिरकत नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे.

बोलण्याची आवड असेल तर राष्ट्रीय युवा संसद महोत्सव आहे. २०१९ मध्ये तो प्रथम भरला आणि २०२५ मध्ये ‘विकसित भारत युवा संसद’ या नावाने झाला; १८ ते २५ वयोगटातल्या तरुणांना जिल्ह्यापासून राज्यापर्यंत आणि तेथून दिल्लीपर्यंत जाता येते. तेथे जाताना पाठ केलेले भाषण नेऊ नका. परीक्षक प्रश्न विचारतात तेव्हा ते तुटते. केंद्रीय संसदीय कार्य मंत्रालयाची महाविद्यालयांसाठी वेगळी युवा संसद स्पर्धाही आहे, तिच्यात संपूर्ण महाविद्यालयाचा संघ सभागृहाचे कामकाज सादर करतो. प्रश्नोत्तरांचा तास, लक्षवेधी सूचना आणि स्थगन प्रस्ताव यांतला फरक एकदा करून पाहिला की पुन्हा विसरत नाही. पुढे पदव्युत्तर वर्गात गेल्यावर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेचा संसदीय अभ्यासवर्ग असतो. राज्यशास्त्र व लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांना तेथे विधिमंडळाचे कामकाज प्रत्यक्ष पाहता येते.

प्रश्न : एकाच वेळी दोन शिष्यवृत्त्या घेता येतात का?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : दोन शासकीय शिष्यवृत्त्या एकाच अभ्यासक्रमासाठी घेता येत नाहीत. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीची तर तशी स्पष्ट अट आहे. पदक किंवा स्पर्धेतले पारितोषिक ही शिष्यवृत्ती नव्हे, त्यामुळे ते आड येत नाही. खासगी संस्थांच्या अटी वेगवेगळ्या असतात. तेथे दुसरे साहाय्य मिळत असल्यास ते लपवू नका. अटी पूर्ण वाचण्याची सवय या निमित्ताने लावून घ्या. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकरांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी महिना २५ रुपये आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड दिले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्यासोबत परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता, आणि त्या नोकरीत त्यांना काय सोसावे लागले, हेही वाचावे.

नूतनीकरणाची अटही तितकीच महत्त्वाची आहे. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी चालू राहण्यासाठी किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती लागते. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत दिवस काढून महाविद्यालयाकडे पाठ फिरवणाऱ्यांचे पैसे गुणांमुळे नव्हे, तर उपस्थितीमुळे जातात.

प्रश्न : नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे चौथे वर्ष करावे की तीन वर्षांनी थांबून एम. ए. करावे? पुढच्या शिष्यवृत्त्यांच्या दृष्टीने काय बरे?
— तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील आणि संशोधनाची खरी ओढ असेल तर ‘संशोधनासह ऑनर्स’चे चौथे वर्ष करावे. त्यानंतर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला बसता येते, आणि कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७ हजार रुपये आहे. अट एवढीच की तुमच्या महाविद्यालयात मार्गदर्शन करणारा शिक्षक प्रत्यक्ष असावा, केवळ कागदावर नसावा. तसे नसेल तर एम. ए.चा मार्ग अधिक चांगला. पदव्युत्तर अभ्यासासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. देशभरात दहा हजार जणांना वर्षातले दहा महिने दरमहा १५ हजार रुपये मिळतात आणि निवड पदवीच्या गुणांवर होते. म्हणून तृतीय वर्षातले गुण आता सैल सोडू नका.

अभ्यासापेक्षा प्रत्यक्ष कामाची ओढ असेल तर पीआरएस या संस्थेची लॅम्प अधिछात्रवृत्ती पाहा. २५ वर्षांपर्यंतच्या पदवीधरांना त्यात एका खासदाराबरोबर संसदेच्या अधिवेशनांत काम करायला मिळते. राज्यात मुख्यमंत्री फेलोशिप आहे. तिला पदवीत ६० टक्के गुण आणि एका वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. परदेशी जायचे असल्यास १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा देणगी निधीची कर्ज-शिष्यवृत्ती आहे. तिच्या नावातच ‘कर्ज’ आहे, ते फेडायचे असते, हे घरच्यांना आधी सांगा.

प्रश्न : ‘शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, प्रक्रिया शुल्क म्हणून १,५०० रुपये भरा आणि ओटीपी सांगा’ असा फोन आला. मुलगा भरायला निघाला होता. मी त्याला थांबवले. बरोबर केले ना?
— एक वडील, जालना जिल्हा

उत्तर : अगदी बरोबर केलेत. महाडीबीटी किंवा राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करायला शुल्क नाही, आणि मंजूर झालेली रक्कम देण्यासाठी कोणतीही शासकीय यंत्रणा फोनवर ओटीपी मागत नाही. पैसे गेलेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर साहाय्य क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी. मुलाचा अर्ज खरोखर कोठवर आला आहे ते त्याच्या लॉगिनमध्ये त्याच्याबरोबर बसून पाहा, आणि ज्या केंद्रातून तो भरला त्या केंद्राला पासवर्ड माहीत असेल तर आजच बदलून घ्या.